घरातला नंबर

सत्यशीलाने विश्वजीतची सॅक टेबलावर पालथी केली. कागदी पाकिटांतल्या डिस्का घसरत बाहेर आल्या, दोन-तीन कडेवरून खाली पडल्या आणि एक बाकाखाली, तनुजाच्या पायापाशी जाऊन थांबली. तनुजाने पाय जवळ ओढून घेतले.

“यातली हिची कुठली, ती काढून दे.”

“यात कशी असंल ताई? ती दिलीय मी,” विश्वजीत म्हणाला. तो नुकताच जिना चढून आला होता, हेल्मेट अजून हातातच होतं. “गणपतीच्या आधीच दिली. तुम्हाला मेसेजबी टाकलाय.”

“मेसेज टाकायला काय लागतं? अंगठा लागतो. ही पोरगी सिल्लोडच्या पलीकडून आलीय. तीन महिने झाले, तिनं ती डिस्क डोळ्यानं बघितलेली नाही. आणि माझ्या यादीत तिच्या नावापुढं हिरव्या अक्षरात ‘पोहोचली’. मला काय खुळी समजतोस का रे?”

विश्वजीतने हेल्मेट काखेत धरलं. सत्यशीला बोलत असताना मध्ये बोलायचं नसतं, हे मंडळात आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कळत असे.

मंडळ म्हणजे औरंगपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. दोन टेबलं, एक बाक, डिस्का तयार करायचं एक मशीन आणि खालून दिवसभर येणारा झेरॉक्सचा घरघराट. काम साधं होतं. गावोगाव जुने कॉम्प्युटर धूळ खात पडलेले असतात. नवं सॉफ्टवेअर त्यांना पेलत नाही आणि विकतचं परवडत नाही. मुक्त सॉफ्टवेअर त्यांच्यावर चालतं, कुणी कुणालाही द्यावं असंच ते असतं. पण ते उतरवून घ्यायला जेवढं नेट लागतं तेवढं गावात टिकत नाही, आणि दिलेला पेनड्राइव्ह कुणी परत करत नाही. म्हणून डिस्क. ज्याला हवी त्याने मंडळाच्या वेबसाइटवर नाव, गाव आणि फोन टाकायचा, आणि मंडळाच्या कुणीतरी ती नेऊन द्यायची, जमल्यास बसवूनही द्यायची.

ते ‘कुणीतरी’ ठरवायचं काम सत्यशीलाचं होतं. आठवडाभर ती एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायची आणि शनिवारी इथे येऊन जोड्या लावायची. एका बाजूला मागण्या, दुसऱ्या बाजूला कार्यकर्ते. कोण कुठल्या रस्त्याने गावी जातो, कुणाची सासुरवाडी कुठे, कुणाची साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी, कुणाची गाडी सध्या गॅरेजात आहे, हे सगळं तिला लग्नं जुळवणाऱ्या बाईसारखं तोंडपाठ होतं. नऊ वर्षांत तिने हजारावर जोड्या लावल्या होत्या. जळगाव रस्त्यावरची गावं विश्वजीतकडे. त्याची शेती तिकडेच होती, आणि वाळूजच्या कंपनीतून दर शनिवारी तो घरी जायचाच.

आणि हे सगळं चालतं ते आपल्या रागावर, असं सत्यशीलाचं ठाम मत होतं. फुकटचं काम माणूस सवडीने करतो, आणि सवड कधी होत नाही. मागे कुणीतरी हाकणारं लागतं. वडील, मल्हारराव, आयुष्यभर मेंढरांमागे हिंडले. त्या घरात कुणी हळू बोललेलं तिला आठवत नव्हतं. कार्यकर्ते जिना चढण्याआधी झेरॉक्सवाल्याला विचारत, वर हवा कशी आहे. तिच्या कानावर ते आलं होतं, आणि तिला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

आज हवा वाईट होती. तनुजा बारा वाजता आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “डिस्कचं इथंच असतं ना? मी नाव टाकलं होतं.” वय पंचविशीच्या आतबाहेर, डोक्यावर पदर, हातात दवाखान्याची फाइल. सासूला, मनकर्णाबाईंना, डोळ्यांच्या डॉक्टरकडे आणलं होतं. दोन गल्ल्या पलीकडेच. डोळ्यात थेंब टाकून तासभर मिटून बसायला सांगितलेलं, तेवढ्या तासात ती धावत इकडे आली होती.

पाणीही न पिता तिने सगळं सांगितलं. सरकारी मराठी टायपिंगची परीक्षा येत्या रविवारी, म्हणजे आठ दिवसांवर. फी भरलेली, हॉल तिकीट आलेलं. सर्टिफिकेट मिळालं तर तालुक्याला एका पतसंस्थेत जागा होती, तिथल्या बाईंनी शब्द दिला होता, पण सर्टिफिकेट हातात पाहिजे. आठवड्यातून तीन दिवस ती सिल्लोडला क्लासला जायची. गणपतीच्या आधी सासऱ्यांनी क्लास बंद केला. घरात नवऱ्याने बंद पडलेल्या नेटकॅफेतून आणलेला एक कॉम्प्युटर आहे, तो चालू होतो आणि निळा होऊन बसतो. डिस्क मिळाली असती तर घरी सराव झाला असता. ती आता पाटावर कागद चिकटवून त्यावर बोटं मारते.

“पाटावर?” सत्यशीलाने विचारलं होतं.

“कागदावर अक्षरं काढलीत, बटनं असत्यात तशी. बोटांची सवय तरी राहती.”

त्या क्षणी सत्यशीलाचं डोकं फिरलं ते फिरलंच. तिने विश्वजीतला फोन लावून, असशील तिथून निघ, एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

आता तो समोर उभा होता, आणि खाली वाकून पडलेल्या डिस्का गोळा करत होता.

“ते राहू दे. उत्तर दे.”

“फोटो हाय माझ्याकडं,” विश्वजीत म्हणाला. हेल्मेट बाकावर ठेवून त्याने मोबाइल काढला. बोटाने बरंच मागे जाऊन एक फोटो शोधला आणि सत्यशीलासमोर धरला. अंगणातली बाज, बाजेवर पांढरं पाकीट, पाकिटावर मार्करने लिहिलेला नंबर, आणि कडेला धोतराचा सोगा आणि एक हात. “चारशे बारा. यादीत बगा, हिचाच हाय का नाय.”

सत्यशीलाने यादी बघितली. चारशे बाराच होता. तिला ते मुळीच आवडलं नाही.

तनुजा उठून जवळ आली. तिने फोटो बघितला.

“आमची बाज हाय,” ती म्हणाली. “हात तात्यांचा. सासऱ्यांचा.”

“म्हंजी दिली का नाय मी?”

“अरे पण तिला का नाही दिलीस?” सत्यशीलाचा आवाज पुन्हा चढला. हार मानल्यासारखं वाटलं की तिचा आवाज चढायचाच. “मागितली तिनं. परीक्षा तिची. ती घरात होती. बाजेवर ठेवून काय आलास, नैवेद्य ठेवल्यासारखा? बसवून द्यायची होतीस ना?”

“मी विचारलं, बसवून देऊ का. म्हातारा म्हणला, ठेवा तिथं. चहा पाजला. मग मी काय करणार? वहिनींना हाका मारू?” विश्वजीतने तनुजाकडे बघितलं नाही. “ताई, बायांची मागणी असली की बायांशी बोलायचं नाय. नंबर घरातल्या माणसाचा, बोलायचं घरातल्या माणसाशी, द्यायचं त्याच्या हातात. तुमचाच नियम हाय. सही केलीय मी त्याच्यावर.”

नियम तिचाच होता. चार वर्षांपूर्वी एका कार्यकर्त्याने डिस्क दिलेल्या एका मुलीला रोज ‘जेवण झालं का’ असे मेसेज टाकायला सुरुवात केली होती. मुलीने कुणाला सांगितलं नाही, नंबर बदलला. सत्यशीलाला कळलं तेव्हा तिने त्या मुलाला याच खोलीत असं झाडलं की झेरॉक्सवाला वर धावत आला होता. आणि त्याच संध्याकाळी तिने नियम केला. मागणी बाईची असली तर मंडळातून आधी सत्यशीलाने स्वतः फोन करायचा आणि घरातल्या एका जबाबदार माणसाचा नंबर मागून घ्यायचा. मग त्या माणसाला फोन करून रीतसर विचारायचं. कार्यकर्त्याला फक्त तो घरातला नंबर मिळणार. बाईचा स्वतःचा नंबर यादीतून कायमचा पुसून टाकायचा, म्हणजे कुणाच्या हाती लागायलाच नको. जालना आणि बीडच्या लोकांनी तो नियम तिच्याकडून मागून नेला होता. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. अजूनही वाटायचं.

“तू मला सासऱ्यांचा नंबर दिलास, आठवतंय?” तिने तनुजाला विचारलं.

“दिला ना. तुमचा फोन आला, घरातल्या कुणाचा नंबर द्या म्हणून. ह्यांचा लागत नाय कंपनीत, म्हणून तात्यांचा दिला.” तनुजाने पुन्हा फोटोकडे बघितलं. “मला वाटलं, फॉर्मात लागत असंल. फॉर्मात लागतंच ना कुणाचं तरी नाव. त्याच्यावर फोन करतात ते नव्हतं म्हाईत.”

“म्हणजे त्यांनी डिस्क घेतली, ठेवून दिली आणि तुला सांगितलंसुद्धा नाही.”

“नाय.”

“तीन महिने.”

तनुजाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बारा चाळीस झाले होते.

विश्वजीत सुटला, आणि सत्यशीलाचा राग जागा बदलून नीट बसला. या जागी तो तिला जास्त शोभणारा वाटला. पोरांवर चिडणं वेगळं आणि हे वेगळं. सून पाटावर बोटं आपटतेय आणि सासरा डिस्कवर बसून चहा पितोय. असली माणसं तिला लहानपणापासून पाठ होती. तिच्या दहावीच्या वेळी, मुलीला एवढं कशाला, असं सांगायला घरी येऊन बसणारे हेच. तेव्हा ती दाराआडून ऐकत होती आणि गप्प होती. त्या गप्प बसण्याची चीड तिच्या मनातून कधी गेलीच नव्हती, आणि आता तर तिला गप्प बसायचं काहीच कारण नव्हतं. तिने यादीतला नंबर बघून फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“ताई, कुणाला लावताय?” तनुजा म्हणाली.

“थांब तू.”

“ताई, नको, ऐका माझं—”

पलीकडे फोन उचलला गेला होता. सत्यशीलाने हात वर करून तनुजाला थांबवलं.

“नमस्कार. मी मुक्त संगणक मंडळातून बोलतेय.”

“बोला ताई,” सांडूतात्या म्हणाले. आवाज सावकाश होता, जपून बोलणाऱ्या माणसाचा. मागे कुठेतरी मळणीयंत्र चालू होतं.

“गणपतीच्या आधी आमच्या मुलानं तुमच्याकडं एक डिस्क दिली होती.”

“व्हय. हाय ना. नीट ठेवलीय. कुठं जात नाय.”

“ठेवायला दिली नव्हती ती. तुमच्या सुनेला वापरायला दिली होती. आठ दिवसांवर तिची परीक्षा आलीय, आणि तुम्ही तिला डिस्क आली एवढंसुद्धा सांगितलेलं नाही. एवढं मोठं वय तुमचं, लाज वाटायला पाहिजे. नाही म्हणू नका, ती स्वतः सांगतेय, माझ्यासमोर बसून सांगतेय.”

शेवटचे शब्द तोंडातून गेले आणि तिला तनुजाचा चेहरा दिसला. तनुजा बसलेली नव्हती, उभी होती. टेबलाच्या कडेला धरून उभी होती आणि तिच्याकडे नुसती बघत होती.

मळणीयंत्राचा आवाज लांब गेला. तात्या चालत बाजूला आले असावेत.

“समोर बसलीय?” त्यांनी विचारलं.

सत्यशीलाने फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“ती सासूला घेऊन डोळ्याच्या दवाखान्यात गेलीय.”

“म्हणजे, तिकडूनच जरा—”

“मनकर्णाच्या डोळ्यात थेंब टाकले का?”

“हो. टाकलेत.”

“मंग ती एकटीच बसली असंल, डोळे मिटून.” तात्यांचा आवाज जराही चढला नाही. “असू द्या. तुमचा काही कसूर नाय. बरं केलं फोन केला. मागच्या बारीलाबी तुमच्याकडनंच खबर लागली. नाय तर आम्हाला काय कळणार होतं? तुमचा फोन आला तवा शेतात होतो, चार माणसं होती भवताली. तुमच्या सूनबाईंनी आमच्याकडं एक वस्तू मागितलीय, फुकट असती, आमचा मुलगा आणून देईल, चालंल का म्हणलात. मोठ्या आवाजात. सगळ्यांनी ऐकलं. दहा एकर रान हाय ताई आमचं. सून परक्या गावात फुकट मागती, हे मला बाहेरच्या माणसानं सांगावं? मला म्हणली असती तर नवा कॉम्प्युटर आणून टाकला असता. तुम्ही लई गोड बोललात म्हणून पोराला चहा पाजला. क्लासमधनंच ही अक्कल आली म्हणलं, आन् क्लास बंद केला.”

“काका, यात मागण्यासारखं… ते कुणालाही देतात. भीक नाही ती. मी तुम्हाला समजावून सांगते—”

“ठेवतो,” ते म्हणाले. “तिला म्हणावं, मनकर्णाला घ्यायला पोरगा पाठवतो गाडी घेऊन. आता फिकीर करू नगं.”

फोन बंद झाला. खाली झेरॉक्स चालू होतं. विश्वजीत हातातल्या डिस्का एकसारख्या करत उभा होता, त्या आधीच एकसारख्या झाल्या होत्या.

सत्यशीलाला तो फोन आठवला. असे फोन ती आपल्या सगळ्यात चांगल्या आवाजात करायची. नमस्कार काका, आपल्या घरातून अशी अशी मागणी आलीय. घरच्या मोठ्या माणसाला आधी विचारलेलं बरं. बहुतेक काका खूश व्हायचे. ‘चांगलं काम करता’ म्हणायचे. ती प्रत्येक फोननंतर बाईचा नंबर पुसायची आणि पुढच्या नावाकडे वळायची.

“क्लास त्याच्यासाठी बंद केला,” तनुजा म्हणाली. ती कुणाला उद्देशून बोलत नव्हती. “मी म्हणत होते, काय झालं एकाएकी. ह्यांना विचारलं, ते म्हणले तात्यांनाच विचार. मला वाटलं, कुणी काय बोललं असंल माझ्याबद्दल.”

“मला माहीत नव्हतं,” सत्यशीला म्हणाली.

“नवा आणून टाकला असता म्हणले?”

“हो.”

“दोनदा मागितला होता मी.”

सत्यशीला उठली. तिच्या अंगात राग तसाच होता, उलट वाढला होता, फक्त तो कुठे ठेवायचा ते तिला कळत नव्हतं. तिने टेबलावरची एक डिस्क उचलली, पाकीट उघडून बघितली, दुसरी उचलली.

“हे बघ, तू ही घेऊन जा. आत्ता. मी येते तुझ्याबरोबर, विश्वजीतही येईल. तुझ्या सासऱ्यांशी मी समोर बसून बोलते. कशी बसवू देत नाहीत बघतेच. नाहीतर रोज इथं ये, या मशीनवर बस, आठ दिवस आहेत अजून. हॉल तिकीट आहे तुझ्याकडं, तुला कुणी अडवू शकत नाही. कायदा आहे. मी पोलिसात—”

“ताई.”

सत्यशीला थांबली.

“तुम्हाला राग परवडतो,” तनुजा म्हणाली. “मला नाय परवडत. मी तो गिळून गिळून हॉल तिकिटापर्यंत आणलं होतं. परीक्षेच्या दिवशी परत डोळ्याच्या दवाखान्यातच यायचं होतं आत्याला, सासूला घेऊन. डॉक्टरनं रविवार सांगितलाय म्हणणार होते. आत्याला म्हाईत होतं. ती स्वतः म्हणली होती, मी थेंब टाकून बसते, तू जाऊन ये.”

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली. डोळ्यात पाणी नव्हतं. फाइल काखेत धरून तिने पदर सारखा केला.

“आता आत्यालाबी इचारतील,” ती म्हणाली.

विश्वजीत पुढे झाला. “वहिनी, मी गाडीवर सोडतो दवाखान्यापर्यंत.”

“नको. तुमच्या गाडीवर बसून आणखी कशाला?” तिने चपला घातल्या. सत्यशीलाने पुढे केलेल्या डिस्ककडे तिने बघितलं, हात काही पुढे केला नाही. “ही घेऊन ठेवू कुठं मी?”

ती जिना उतरली. उतरण्याचा आवाज फार वेळ आला नाही, ती पळत गेली असावी. सत्यशीला खिडकीशी गेली. खाली रिक्षा, मोटरसायकली, कपड्यांचे गठ्ठे घेऊन चाललेली माणसं. त्यात डोक्यावर पदर घेतलेल्या बायका पुष्कळ होत्या, पण त्यातली तनुजा कोणती ते तिला ओळखता आलं नाही.

“ताई, तुम्हाला तरी काय म्हाईत—” विश्वजीत म्हणाला.

“गप.”

त्याने सॅक भरली. सगळ्या डिस्का आत गेल्यावर त्याने चेन ओढली आणि तसाच उभा राहिला. सत्यशीलाला त्याची माफी मागायची होती. ते शब्द तिने आयुष्यात फारसे वापरले नव्हते, त्यामुळे ते वेळेवर सापडले नाहीत.

“पुढच्या शनिवारी ये,” ती म्हणाली. “आणि जेवून जा खाली कुठंतरी. धावत आलास.”

“व्हय ताई.”

तो गेल्यावर तिने दार लोटून घेतलं. खोलीत आता रागवायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिने टेबलावर मूठ आपटली, दोनदा. हात दुखला, आणि दुखला म्हणून ती आणखी चिडली. चार वर्षं. चार वर्षं ती लोकांना सांगत आली होती की मंडळात मुलींचे नंबर सुरक्षित असतात. नियम करताना कुणा एकीला तरी विचारायला हवं होतं, बाई गं, तुझ्या घरी कळवू का. तेवढं एक तिने विचारलं नव्हतं. तिच्या दहावीचा फॉर्म शाळेतल्या बाईंनी परस्पर भरला होता. त्या जर आधी वडिलांना विचारायला गेल्या असत्या, तर ती आज मेंढरांमागे असती. हे तिला माहीत होतं. माहीत असूनही तिने ते केलं होतं, आणि वर गोड आवाजात केलं होतं.

तिने खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरवर यादी उघडली. बायकांच्या मागण्या तेवढ्या वेगळ्या काढल्या. नियम केल्यापासूनच्या एकसष्ट होत्या. एकसष्टच्या एकसष्ट हिरव्या, सगळ्यांपुढे ‘पोहोचली’. एकीचीही तक्रार नव्हती. एकीनेही परत दुसरं काही मागितलं नव्हतं, अडचण विचारायला फोन केला नव्हता. पुरुषांच्या मागण्यांत असं कधी होत नसे. ती माणसं तर डिस्क नीट फिरत नाही म्हणूनसुद्धा रविवारी सकाळी फोन करून डोकं खात. बायका समजूतदार असतात, असं सत्यशीला मंडळाच्या बैठकीत कौतुकाने सांगायची.

ती प्रत्येकीला विचारणार होती. आत्ता, इथेच बसून. तुला मिळाली का, बसवली का, तू वापरतेस का, आणि माझ्या फोननंतर घरात काय झालं. संध्याकाळपर्यंत पंधरा-वीस तरी होतील. ज्यांना नाही मिळाली त्यांना ती स्वतः नेऊन देणार होती, एकेकीच्या हातात.

पहिलं नाव ज्ञानेश्वरी, राहणार हर्सूल. पुढे हिरवी खूण. नंबराच्या रकान्यात लिहिलं होतं: खंडेराव, वडील. दुसऱ्या ओळीत दीर. तिसरीत मामा. तिने यादी खाली सरकवली, आणखी खाली, शेवटपर्यंत. सासरे, वडील, नवरा, भाऊ, पोलीस पाटील, नवरा, वडील. बाईच्या स्वतःच्या नंबराचा रकाना सगळीकडे कोरा होता. तो तिने स्वतःच्या हाताने, एकही न चुकता, कोरा केला होता.

मग यादी पुन्हा वर सरकवून तिने पहिला नंबर लावला. तिसऱ्या घंटीला उचलला.

“हॅलो,” पुरुषाचा आवाज होता, वयस्कर, घाईत नसलेला. “कोण बोलतंय?”

सत्यशीलाने घसा खाकरला. तिचा चांगला आवाज तयार होऊन आला आणि तिला स्वतःचीच किळस आली.

“हॅलो? कोण पाहिजे तुम्हाला?”

समोर ज्ञानेश्वरीचं नाव होतं. सत्यशीलाने त्यावर बोट ठेवलं होतं.

“कुणी नाही,” ती म्हणाली. “चुकून लागला.”